दुआर्तेला न पाठवलेला कागद

दर शुक्रवारी सकाळी मी चाळीसेक माणसांना गुलाबाचं फूल पाठवतो. फोनवर, अर्थात. खाली ‘आपला दिवस आनंदात जावो’. शुक्रवारी इथे आखातात सुट्टी, कंपनीची बस येत नाही, बादलीत कपडे भिजत घातले की अब्बासियातल्या एकट्या माणसाला करण्यासारखं दुसरं काही नसतं. त्या शुक्रवारी दुआर्तेच्या नंबरवरून दोन मिनिटांत उत्तर आलं. मला केवढा आनंद झाला! एरवी तो तीन-तीन दिवस उत्तर द्यायचा नाही. उत्तर इंग्रजीत होतं : ‘मी त्याची बायको. परवा दुआर्तेचा दफनविधी झाला. फुलाबद्दल आभार.’

फूल चांगलं लालभडक होतं आणि पाकळ्यांवर चमचम करणारे दवबिंदू. आजवर अनेक मूर्खपणे केले, पण विधवेला चमचमता गुलाब पाठवणारा मीच पहिला असेन. मी पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, दुआर्ते हू?” मग तिने फोन आईला दिला. आईला आठवत होता. “आपल्याकडे दिवाळीला आलेला, चकल्या कॉफीत बुडवणारा?” ... हो, तोच.

दुआर्ते पोर्तुगालचा वकील. आमच्या बांधकाम कंपनीत करारमदारांची कागदपत्रं बघायला तो आला, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी अम्गराच्या यार्डात टाइमकीपर, म्हणजे कोण किती वाजता आला, किती तास राबला, ते लिहिणारा. हुद्द्यांमध्ये समुद्राएवढं अंतर. पण पहिल्याच आठवड्यात तो वाट चुकून माझ्या पत्र्याच्या केबिनमध्ये शिरला आणि मी त्याला वातानुकूलन दुरुस्त करणारा समजून अर्धा तास यंत्राखाली स्टुलावर उभं केलं. पठ्ठ्याने जाळी काढून धुवून दिली. जाताना म्हणाला, “मी कायदा विभागातून. पण हे जास्त समाधानाचं काम.” त्या दिवसापासून दुपारचा डबा तो माझ्याकडे खायचा. म्हणजे, माझा डबा तो खायचा.

एका उन्हाळ्यात भर दुपारी सलीमभाई चक्कर येऊन पडला. दापोलीकडचा वेल्डर, पन्नाशीचा, मला ‘मास्तर’ म्हणायचा आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा आधी मला ओतायचा. उन्हाळ्याच्या महिन्यांत इथे अकरा ते चार उघड्यावर काम करायला बंदी आहे. कायदा कडक. पण त्या हंगामात काम मागे पडलं होतं, आणि मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, काही न बोलता नुसता घड्याळाकडे बघायचा. मला ते बघणं बरोबर कळायचं. माणसं उन्हात असायची आणि तक्त्यात मी ‘विश्रांती’ भरायचो. अक्षर माझं शाळेपासून सुंदर.

जाब्रियातल्या इस्पितळात आम्ही दोघे त्याला बघायला गेलो. कंपनीला दुआर्तेच्या सहीचं पत्र हवं होतं, की हा माणूस विश्रांतीच्या वेळेत, स्वतःच्या प्रकृतीमुळे पडला. पुरावा माझा तक्ता. दुआर्तेने तो खाटेशेजारी उलगडला आणि मला विचारलं, “हे तास खरे आहेत?”

मी म्हणालो, “हो.”

सलीमभाईला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं काय कळायचं राहतं! नळीतून सलाईन चालू, ओठ फुटलेले, आणि तो मला सांगतोय, “साहेबाला सांग, मास्तरला काय करू नको म्हणावा. त्याची बायको-पोर हायत हितं.”

“काय म्हणतोय?” दुआर्ते.

“पाणी मागतोय,” मी म्हणालो.

दुआर्तेने त्याला पाणी पाजलं. पत्रावर सही मात्र केली नाही, आणि महिन्याभरात राजीनामा देऊन निघून गेला. सलीमभाईला विमानात बसवून गावी पाठवलं. बरा झाला, पण मूत्रपिंडाचं दुखणं कायमचं लागलं. माझी नोकरी राहिली, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, राहिला, मुलीची शाळा राहिली. तक्त्यातलं अक्षरही राहिलं, सुंदर.

मग कळलं की दुआर्ते त्याच्या गावी नगराध्यक्षपदासाठी उभा राहिलाय. फोनवर म्हणाला, “कंपनीसाठी वकिली केली. आता दुसऱ्या बाजूला बसून बघतो.” मला वाटलं, चला, आपल्यालाही काहीतरी फेडायची संधी. आता आपल्याकडे निवडणूक म्हटली की फ्लेक्स हवाच. मी अब्बासियातल्या छपाईवाल्याकडून दहा बाय सहाचा छापून घेतला. मध्यभागी दिवाळीतला हात जोडलेला दुआर्ते, भोवती झेंडूची भरगच्च माळ, वर ‘कार्यसम्राट भावी नगराध्यक्ष’, खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ, अब्बासिया’ आणि चौदा जणांचे पासपोर्ट फोटो. त्यातल्या तेरा जणांनी दुआर्तेला कधी पाहिलंही नव्हतं. कुरियरने पाठवला. त्याच्या उत्साही कार्यकर्त्यांनी तो थेट चौकात टांगला.

मला काय ठाऊक, की त्यांच्या गावाकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि खाली कुटुंबीयांची नावं असं पत्रक भिंतींवर लावतात! आमची लिपी कोणाला वाचता येणार? लोकांना दिसलं ते एवढंच : मिटल्यासारखे डोळे, जोडलेले हात, फुलं, आणि खाली गंभीर चेहऱ्याचे चौदा नातलग. संध्याकाळपर्यंत काळे कपडे घातलेल्या बायका सूपची पातेली घेऊन त्याच्या आईच्या दारात. दार उघडलं खुद्द दुआर्तेने.

“एक बाई माझ्या अंगावर किंचाळली,” तो फोनवर हसून हसून सांगत होता, “पण विनय, चार दिवस गावात माझ्याविषयी कोणी एक वाईट शब्द बोललं नाही. मेलेल्याबद्दल कसं बोलणार? तुझ्यामुळे निवडून आलोय मी!”

मी पण हसलो. इस्पितळाचं बोलायचं असं ठरवून फोन हातात घेतला होता ... हसण्यात ते राहून गेलं.

दोनदा नगराध्यक्ष, मग पक्षाने त्याला लिस्बनला संसदेत पाठवलं. भाषणं तो रटाळ करायचा असं त्याची बायकोच सांगते. कामगारांच्या समितीवर मात्र हट्टाने बसला. त्यांच्याकडे दक्षिणेला प्लास्टिकच्या कापडाखाली मैलोन्‌मैल फळांची शेती आहे, तोडणीला आपल्याकडची, नेपाळची, बांगलादेशची माणसं. आतली हवा म्हणे भट्टीसारखी. तो तिथे जाऊन आला आणि त्याच रात्री मला फोन केला. तोवर मायलेकी पुण्याला परतल्या होत्या. मी या खोलीत एकटा.

“इथेही तक्ते आहेत,” तो म्हणाला. “सगळ्यांत विश्रांती भरलेली. फार सुबक.”

मी फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

“मजुरांचे जबाब माझ्याकडे ढीगभर आहेत. तास लिहिणाऱ्याचा एकही नाही. तो का लिहितो, कसं लिहितो, घरी जाऊन काय खातो ... ते मला समजत नाही. तू लिहून देशील? तुझ्या भाषेत लिही. नाव घालू नकोस. भाषांतर मी करून घेईन.”

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. पाण्याचंसुद्धा, बहुतेक.

“लिहितो की,” मी म्हणालो.

चौदा महिने मी लिहीत होतो. वही आणली. पेन आणलं, मग पेन बरं चालत नाही म्हणून दुसरं आणलं. मधे त्याने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा चष्म्याचं कारण दिलं. शेवटी त्याने विचारायचं सोडलं, आणि मी दर शुक्रवारी त्याला फूल पाठवू लागलो. माणूस बोलायचं टाळतो तेव्हा फुलं पाठवतो, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा पुन्हा निरोप आला. ती त्याची संसदेतली खोली आवरत होती. ‘इथे एक फाईल आहे,’ तिने लिहिलं, ‘त्याच्या हाताने वर तुमचं नाव घातलंय. आत काहीच नाही. टाकून देऊ?’

मी लिहिलं, थांबा.

हा कागद त्या फाईलसाठी, आणि एक प्रत मासिकालाही देतोय. छापून आल्यावर यार्डातला कोणीतरी मुदीरला वाचून दाखवेल. दाखवू दे. बायकोला कालच सांगितलं. ती म्हणाली, “लिही. पण यावेळी अक्षर बघत बसू नकोस.”

तर दुआर्ते, कागद असा : त्या दिवशी यार्डात एकवीस माणसं होती. अकरा ते चार एकही सावलीत बसला नाही. सलीमभाई दीडच्या सुमाराला पडला, तेव्हा त्याच्या हातातलं वेल्डिंग चालू होतं. मी केबिनच्या काचेतून बघत होतो. आधी मी बाहेर धावलो नाही. आधी मी त्याच्या नावापुढे ‘विश्रांती’ लिहिलं, आणि मग धावलो.