पंतांचं ‘उद्या’

देवासच्या वाचनालयात मोरोपंत पुस्तकं सांभाळत आणि रोज संध्याकाळी पायऱ्यांवर बसून कादंबरी मोठ्यानं वाचत. ऐकायला शिंपी, तेली, हमाल यायचे. शहाणे लोक विचारायचे, यातून ज्ञान काय मिळतं? ज्ञान हवं होतं कुणाला! दिवसभर राबलेली माणसं मजेसाठी येत. पंतही खट. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटून म्हणत, “उद्या.” मारुती शिंपी रोज चिडायचा, “अरे, आगे तो बताओ, पंतजी!”

मग प्लेग आला. गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं, वाचनालयाला कुलूप लागलं. मारुतीला गाठ आल्याचं कळताच पंत त्याच्या झोपडीशी गेले. तापात त्यानं एवढंच विचारलं, “पंतजी, गोष्टीतल्या त्या पोरीचं पुढं काय झालं?”

पंतांना शेवट पाठ होता. पण गोष्टीच्या ओढीनं हा आणखी एक दिवस तग धरेल, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, “उद्या.”

सकाळी ती झोपडी जाळून टाकलेली होती.

साथ ओसरल्यावर वाचन पुन्हा सुरू झालं. पण पंत आता गोष्ट अर्धवट सोडत नसत, एका बैठकीत संपेल तेवढंच वाचत. माणसं हळूहळू येईनाशी झाली. उद्या यायला कारणच उरलं नव्हतं.