फोटोबाहेरची पाळणेवाली

कुणी तुम्हाला कधी म्हटलंय का, "जरा बाजूला व्हा, फोटो काढतोय"? आणि तुम्ही झालात ना बाजूला? मुकाट्याने? वर "काढा, काढा" असंही म्हणाला असाल. मग ऐका. मी जिच्याबद्दल सांगतेय ती बाई अशी एकोणीस वर्षं बाजूला होत आली, दिवसातून शंभर वेळा, आणि त्यापायी तिच्या डोक्यावरचं छप्पर जायची पाळी आली.

तिला सगळे पाळणेवाली म्हणायचे. शहराच्या कडेला जुना पार्क होता, त्यातला आकाशपाळणा तिच्या हातात होता. सोळा डबे, एक लिव्हर, एक लोखंडी खांब आणि ही. लोक डब्यात बसले की आडवी दांडी खाली घ्यायची, कडी अडकवायची, हाताने एकदा हिसका देऊन बघायची आणि पुढचा डबा खाली आणायचा. वाचायला सोपं वाटतं. पण एका बाजूला चार जाडजूड माणसं आणि समोरच्या बाजूला रिकामे डबे, असं झालं की पाळणा गचके खातो. म्हणून रांगेतली माणसं बघून कुणाला कुठे बसवायचं हे तिला आधीच ठरवावं लागे. "मला माणूस दिसला की आधी त्याचं वजन दिसतं, तोंड मागनं," असं ती मला म्हणाली होती. मी उगाच पोट आत घेतलं.

कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात एक बाप तिच्यावर उखडला होता. बायकोपोरांचा फोटो काढताना मध्ये हिचं कोपर आलं. मॅनेजरने बोलावून समज दिली, की लोक इथे तुझं कोपर न्यायला येत नाहीत. तेव्हापासून तिने युक्ती बसवली. कडी लावली, कॅमेरा वर उचलला गेला, की डावीकडे दोन पावलं आणि खांबाच्या मागे. डोळे मिटूनसुद्धा जमायचं म्हणे. आणि त्याचा तिला अभिमान होता. "माझ्या हातून एकाचाही फोटो बिघडला नाही," हे ती अशा तोऱ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईने विमान चालवलं असेल.

पार्क बंद पडला. जागा एका बड्या कंपनीने घेतली. पार्कच्या मागे कामगारांच्या खोल्यांची चाळीस दारांची रांग होती, तीही पाडायची ठरली. नियम असा निघाला, की ज्याने पार्कात दहा वर्षं काम केल्याचा पुरावा दिला त्याला नव्या इमारतीत खोली. बाकीच्यांनी सामान बांधायचं. पुरावा म्हणजे कागद किंवा फोटो. तोंडी साक्ष चालणार नाही. पाळणेवालीचे ठेकेदार तीनदा बदललेले, आणि तिन्ही ठेकेदारांनी हजेरीपटावर तिचं नाव कधी चढवलंच नाही. घरात ती आणि तिची सासू. सासूचं वय ऐंशीच्या पुढे, जीभ मात्र विशीतली.

लोकांचे अर्ज लिहून द्यायचं काम मी करते, म्हणून ती माझ्याकडे आली. मी हसले. म्हटलं, "मावशी, यात काय अवघड आहे? अर्ध्या शहराने त्या पाळण्यात फोटो काढलेत. एखाद्यात तरी तुम्ही असालच."

त्याच सुमारास कंपनीने जुन्या पार्काच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. लोकांकडून अल्बम मागवले, फोटो मोठे केले, तीन दालनांत टांगले. लोक येत होते, हळवे होत होते. अरे हा बघ, पाण्याची घसरगुंडी. अगं ही बघ, तुझी आत्या, किती बारीक होती. आम्ही दोघी गेलो. मी प्रत्येक फोटोत माणूस शोधत होते आणि ही बाई मात्र डब्यांशी बोलत होती. "हा सातवा. याचा पत्रा डावीकडे वाकलाय. आणि हा तेरावा, याची कडी घट्ट, अंगठा सोलून निघायचा." चष्मा नाकावर, हात मागे बांधलेले, एकेका फोटोपुढे पाच पाच मिनिटं.

दोन दालनं झाली. दीडशेच्या वर फोटो. घोड्यांचं चक्र आहे, टकरीच्या गाड्या आहेत, होड्या आहेत. चालवणारं माणूस कुठेही नाही. सगळं जणू आपलं आपणच फिरत होतं. माझं डोकं फिरलं. प्रदर्शन लावणारा चष्मेवाला तरुण कोपऱ्यात उभा होता, त्याला मी धरला.

"अहो, हा पार्क काय भुतं चालवत होती?"

"ताई, लोकांनी जे दिलं ते आम्ही लावलं," तो शांतपणे म्हणाला.

त्याच्या त्या शांतपणानेच मी पेटले. पुढे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन रखवालदारांनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं. रस्त्यावर आल्यावर मी अजून फणफणत होते. पाळणेवाली चष्मा पुसत म्हणाली, "तुमचं भांडून झालं ताई. माझं तिसरं दालन बघायचं राहिलं."

 

मग आम्ही घरोघर जायला लागलो. दार वाजवायचं, पार्कातले फोटो आहेत का विचारायचं. लोक अल्बम दाखवायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत. महिनाभरात हाती काय लागलं? खांबामागून डोकावणारी निळ्या कोटाची बाही. एक बूट. डब्याच्या पत्र्यावर पडलेली अर्धी सावली. आणि एका फोटोत, खरंच, कोपर. मी तेवढं घेऊन खोल्या वाटणाऱ्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने कोपराचा फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, हे कोपर माझंसुद्धा असू शकतं."

खोलीवर येऊन हे सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "एवढी वर्षं पगार घेतला, एकदा तरी वेंधळेपणा करायचा होतास. नको तिथे हुशारी."

"तुमच्याकडनंच आली असेल," सुनेने भाजी चिरता चिरता सांगितलं.

"माझ्याकडनं आली असती तर फोटोत मधोमध उभी राहिली असतीस."

खोलीच्या हक्काच्या सुनावणीला बारा दिवस उरले होते तेव्हा आम्ही एका शिंप्याच्या घरी गेलो. मशीनवर पँटच्या दुमडी घालत तो बायकोला म्हणाला, "दाखव गं यांना." बायकोने अल्बम काढला. पाळण्याचे चार फोटो, चारही छान, चारांतही पाळणेवाली नाही. अल्बम मिटताना आतून एक पाकीट घसरलं. मी उचलायला गेले तर शिंपीणबाई म्हणाल्या, "ते राहू द्या, वाया गेलेले आहेत. आमच्या ह्यांनी वर गेल्यावर काढलेले. सगळं आडवंतिडवं आलंय."

पाळणेवालीने हात पुढे केला. "बघू तरी."

डबा पाव फेरी चढलेला असताना वरून खाली काढलेला फोटो. एका कोपऱ्यात शिंप्याचा स्वतःचा गुडघा. खाली जमीन, लोकांच्या टाळू, रांगेच्या कठड्याची आडवी नळी. आणि लिव्हरपाशी निळ्या कोटातली एक बाई, मान मागे टाकून सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं स्वच्छ.

"ही मी," पाळणेवाली म्हणाली. "केस किती काळे होते."

मी विचारलं, "पण तुम्ही वर का बघताय? कॅमेरा दिसला का?"

"वरचा कॅमेरा मला काय दिसणार? वर बघायचं तेच तर काम. कोण डब्यात उभं राहिलं, कुणी पाय बाहेर सोडला, कोण घाबरून पांढरं पडलंय. खालची माणसं काय, जमिनीवरच असतात. त्यांना काय होतंय?"

मी पुन्हा फोटो पाहिला. पंचवीसएक माणसं होती त्यात. कुणी पोराचं नाक पुसतंय, कुणी मागच्याशी बोलतंय. वर बघणारी एकटी हीच. खांबाच्या आड लपायची युक्ती जमिनीवरच्या कॅमेऱ्यापुरती होती, वरच्यासमोर ती कुचकामी होती, आणि हे तिला एकोणीस वर्षांत कळलंही नव्हतं. मशीन थांबवून शिंपी उठून आला, त्याने फोटो पाहिला आणि बायकोला म्हणाला, "बघ. तू फेकायला निघाली होतीस."

"मी फेकायला निघाले असते तर आज असता का तो?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रश्न बदलला. चांगले फोटो ठेवा तुमच्याकडे, आम्हाला बिघडलेले द्या. वरून काढलेले. गंमत बघा, जे लोक अल्बमला हात लावू देत नव्हते त्यांनी पाकिटंच्या पाकिटं हातात कोंबली. एका आजोबांनी तर, घेऊनच जा, परत आणू नका, असं बजावलं. अकरा दिवसांत एकवीस फोटो. एकवीसही फोटोंत मान वर केलेली तीच बाई. फोटोच्या दुकानात एकेकाची मोठी प्रतही काढून घेतली. कुठे वेणी, कुठे केस कापलेले, पुढे पुढे चष्मा. मी रांगेने मांडून बघत बसायचे. कुणाचं वय वाढताना असं वरून मी कधी पाहिलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी पहिला फोटो मी मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवला. शिंप्याचाच. त्याच्या कॅमेऱ्याने कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापलेली होती. अधिकाऱ्याने ती वाचली, फाईल चाळली आणि मान वर केली.

"यानुसार बाई पाळणा उभारायच्या दोन वर्षं आधीपासून पाळणा चालवत होत्या."

खोलीत हशा पिकला. शिंप्याने कॅमेऱ्यात सेल बदलल्यावर तारीख कधी लावलीच नव्हती, आणि मी ती वाचायचे कष्ट घेतले नव्हते. चूक माझी. पण हसणाऱ्यांवर मी उसळणार तेवढ्यात पाळणेवालीने माझं मनगट दाबलं. कड्या लावणारा हात तो, हलता येईना.

"साहेब," ती म्हणाली, "आकडे सोडा. डबे बघा."

"डब्यांचं काय?"

"आम्हाला वर्षाला रंग मिळायचा तो चार डब्यांपुरता. हंगामाआधी चार रंगवायचे, पुढल्या वर्षी पुढचे चार. सोळा डबे एकदम नवे कधीच दिसले नाहीत. यात नऊ ते बारा चकचकीत आहेत. आणि अकरावा नारिंगी आहे, कारण लाल रंगाचा डबा अर्धाच भरलेला निघाला होता. सासरे गेले ते वर्ष. माझं कामाचं आठवं."

अधिकारी खुर्चीत पुढे सरकला. उरलेल्या फोटोंतले नऊ त्याने बाजूला काढले. त्यांच्या पाठीवर फोटो धुऊन देणाऱ्या दुकानाचा तारखेचा शिक्का होता. पाठ आपल्याकडे ठेवून त्याने एकेक फोटो तिच्यापुढे धरायला सुरुवात केली.

"हा?"

"पाच ते आठ नवे, पण हिरवे. तिसरं वर्ष."

त्याने पाठ पाहिली, बोटांवर हिशेब केला, दुसरा उचलला. मग तिसरा. हसणारे आता टेबलाभोवती गोळा झाले होते, आणि एक कारकून तर मान तिरकी करून स्वतःच डबे मोजत होता. आठ फोटोंची आठही वर्षं बरोबर. नववा फोटो हललेला होता, डब्यांचे नुसते पट्टे आलेले.

"हा?"

तिने चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. "सांगता येत नाही."

"अंदाज?"

"अंदाजाने कडी लावत नाही साहेब, तर वर्ष कशी सांगू?"

अधिकाऱ्याने तो फोटो उलटा ठेवला आणि लिहायला घेतलं. शिक्का नसलेल्या फोटोंची वर्षंही त्याने तिच्याकडूनच विचारून उतरवली. सगळे मिळून तेरा वर्षांचं काम धरलं गेलं. आठ दिवसांनी यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "तेराच? मग सहा वर्षं कुठे उंडारत होतीस?" आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मी म्हटलं, चला, एक काम फत्ते झालं. तर पाळणेवाली दुसऱ्याच सकाळी माझ्या दारात. म्हणाली, "माझ्या भिंतीपलीकडे भूत राहतं. त्याचं काय?"

भूत म्हणजे पार्कातल्या भूतबंगल्यातला माणूस. बारा वर्षं मुखवटा घालून लोकांना घाबरवलं त्याने. त्याचे फोटो शेकड्यांनी आहेत, गळ्यात हात टाकून काढलेले, अगदी मधोमध. पण सगळे मुखवट्यातले. अधिकारी विचारतो, आत हाच होता कशावरून? माझ्याकडे उत्तर नाही. पाळणेवालीकडेही नाही, तरी ती रोज बिघडलेल्या फोटोंची पाकिटं घेऊन बसते. "त्याला काढलं," ती म्हणते, "तर भिंतीपलीकडून खोकला ऐकू येणार नाही. मला झोप लागायची नाही."

उन्हाळ्यात मुखवट्याच्या आत जीव गुदमरायचा, तेव्हा हा माणूस भूतबंगल्याच्या मागच्या दारी येऊन मुखवटा डोक्यावर सरकवायचा आणि पाणी प्यायचा. ते दार टकरीच्या गाड्यांच्या मैदानाकडे उघडायचं. उंच, किडकिडीत माणूस, डाव्या भुवईत खाच, अंगात काळा झगा. तुमच्यापैकी कुणीतरी त्या मैदानात आपल्या माणसांचा फोटो काढला असेल, आणि मागे तो आला असेल. तुम्ही म्हणाला असाल, छे, हा कोण मध्येच. त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. कपाटावरची ती पाकिटं खाली काढा, बिघडलेले फोटो एकदा नीट बघा, आणि तो सापडला तर कापू नका, तसाच आमच्याकडे घेऊन या.