दोन बाजूंचं भविष्य

मुलांनो, परदेशी चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणारा एक इसम मी जालन्याच्या बसस्टँडवर पाहिला. त्या पत्त्यांना लेनोर्मां म्हणतात. प्रत्येक पान मांडण्याआधी तो त्यावर फुंकर मारी, जणू बशीतला चहाच.

त्याच्या समोर, माझ्या शेजारी, वडीगोद्रीची एक बाई बसली होती. तिची सून रुसून धावड्याला माहेरी गेली होती. तिला आणायला जावं की नाही, हा बाईचा प्रश्न. त्यानं दोन पानं शेजारी शेजारी ठेवली.

"एकटं पान मुकं असतं, मावशी. जोडी बोलती. आधी घर, मंग जहाज. म्हणजे घर सोडून गेली. आता येत न्हाई."

बाईचा चेहरा पडला. मला राहवेना. म्हटलं, "आमच्या बाजूनं तर आधी जहाज आहे, मग घर."

तो जराही ओशाळला नाही. "मंग तुमच्या बाजूनं येती की!"

असल्या निर्लज्जपणाला हे लोक विद्या म्हणतात! मी त्याला चांगलं सुनावणार होते, पण तोवर बाई पिशवी उचलून उठली होती.

"माही बाजू हीच हाय," म्हणाली, आणि धावड्याच्या गाडीकडे निघाली.