हात धुतल्यानंतरची शांतता

राहेलबाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते पांढरकवड्यात, त्यांच्या बालवाडीच्या ओसरीवर, एका रडक्या पोराचे नाक पदराने पुसताना. मी मुकुटबनहून मदतनिसाच्या कामासाठी आले होते. नाव, शिक्षण काही न विचारता त्यांनी मला शेजारचे दुसरे वाहते नाक दाखवले. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात चांगलेच लिहायचे असते, हे मला कळते. पण बाईंच्या हाताखाली वीस वर्षे काढून स्वतःची एक चूक पोटात ठेवणे आता जड जाते, म्हणून तीही इथेच सांगते.

बाई मूळच्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू. यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, त्यांच्यामागे त्या इकडे आल्या. पुढे यजमान गेले, नातलग इस्राएलला गेले, बाई मात्र राहिल्या. शनिवार त्यांच्या विसाव्याचा, म्हणून बालवाडी शनिवारी बंद आणि रविवारी चालू. गावाने आधी नाके मुरडली, मग रविवारी कामाला जाणाऱ्या आयांनाच ते सोयीचे वाटू लागले. शुक्रवारी सुटताना बाई प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन आशीर्वाद देत. एकदा एका मुलाची आजीच रांगेत उभी राहिली. बाईंनी तिचेही नाव विचारले आणि डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादानंतर हातावर मिळणाऱ्या नारळ घातलेल्या गोड पोह्यांचा वास आणि ती रांग आठवली की मला अजून घरी जावेसे वाटत नाही.

खाण्याआधीचा त्यांचा एक नियम होता. हात धुतले की देवाचे आभार मानून होईपर्यंत कोणी बोलायचे नाही. तीन-चार वर्षांची मुलेही गप्प बसत. एके दिवशी बालवाडी पाहायला पाहुणे आले होते. ही शांतता त्यांना दाखवायची मला फार हौस. नेमकी तेव्हाच सोमी बोलू लागली. ती कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची; मराठी फारसे येत नव्हते. माझ्याकडे पाहत ती कोलामीत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला दंडाला धरून बाहेर बसवले.

सतरंजीखाली विंचू होता. तो शेजारच्या मुलाला चावला. दवाखान्यात धावपळ झाली, लेकरू वाचले. दुसऱ्या दिवसापासून सोमी यायची बंद झाली.

बाईंनी तो नियम त्याच दिवशी मोडीत काढला. "लेकराच्या जिवापेक्षा नियम मोठा नाही, हे मला कोणी नव्याने शिकवायला नको होतं," एवढेच म्हणाल्या. मी म्हटले, तिची बोली मला समजली नाही. त्यांनी विश्वास ठेवला.

त्यांचा दरफाळणीचा उपास जवळ आला होता. वर्षभराच्या चुकांची माफी मागण्याचा तो दिवस. "देवाशी चुकलो तर देव माफ करील," बाई मला म्हणाल्या, "सोमीशी चुकलो ते तो कसं माफ करणार? तिच्याकडंच जायला हवं. एकदा नाही तर तीनदा."

आम्ही पोडावर तीनदा गेलो. सोमीचे वडील संकोचून गेले. "लेकराची माफी कायले मांगता, बाई?" ते म्हणत राहिले. पहिल्यांदा सोमी घराबाहेर आली नाही. दुसऱ्यांदा आली, पण तोंड फिरवून उभी राहिली. तिसऱ्यांदा साठीला आलेल्या बाई तिच्यासमोर मातीत बसल्या आणि म्हणाल्या, नियम माझा होता, चुकलं. मीही म्हटले, मला तुझी बोली कळली नाही गं. रविवारी सोमी बालवाडीत आली. सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

आता खरे लिहिते. मुकुटबनला लहानपणी मी कोलाम मुलींबरोबर शेतात खेळले आहे. सोमी म्हणत होती तो विंचवासाठीचा कोलामी शब्द मला कळला होता. पाहुण्यांसमोर शांतता मोडू नये म्हणून मी तो कानाआड केला.

गेल्या आठवड्यात मी केळापूरला सोमीच्या सासरी गेले. तिचे लेकरू मांडीवर होते. मी सगळे सांगितले. तिने लेकराला खांद्यावर घेतले.

"मले माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "तुमाले आमची बोली समजे. म्हणून तर मी तुमच्याकडंच पाहून सांगून राह्यलती."

तिने माफ केले का, हे विचारायचे मला धाडस झाले नाही. तिच्याकडे मी पुन्हा जाणार आहे.

राहेलबाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, अजून पुष्कळ डोक्यांवर त्यांचा हात पडो, ही मनापासून प्रार्थना. आणि बाई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटे बोलले. त्याची माफी मात्र तुमच्याकडेच मागायला हवी. ती इथे, सगळ्यांदेखत, मागते.