आधी काही आणायचं नाही

२०१६च्या हिवाळ्यात एजन्सीची सोशल वर्कर होम स्टडीसाठी आमच्या घरी येणार होती. होम स्टडी म्हणजे दत्तक घेणाऱ्यांची आणि त्यांच्या घराची तपासणी. तिने शिफारस केल्याशिवाय आमची फाइल भारतात जाणार नव्हती, आणि उशीर परवडणारा नव्हता. नवराबायकोच्या वयांची बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की लहान मूल मिळत नाही, मोठंच घ्यावं लागतं. आमची बेरीज त्या आकड्याला टेकली होती आणि आम्हाला लहान मुलगी हवी होती.

कॅनडातलं, कनाटा उपनगरातलं आमचं घर मी आधी स्वतःच तपासलं. धुराचे अलार्म वाजवून पाहिले, औषधं कुलपात घातली, बेसमेंटच्या जिन्याला नवा कठडा बसवून घेतला. त्या सकाळी नवऱ्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ दोनदा फावड्याने काढला. बाई घसरून पडली तर शिफारस कोण करणार? तयार नव्हती ती एकच खोली, मुलीची. भिंतींना रंग, खिडकीला पडदा, बाकी काही नाही.

हा सासूबाईंचा हुकूम. त्या सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळतो त्या व्हिसावर, साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

"मूल उंबरठ्याच्या आत आल्याशिवाय त्याचं काही विकत आणायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आई, ती बाळंतपणातून नाही, विमानातून येणार आहे. चालत येईल घरात."

"कशातून का येईना. नियम तोच."

मी असलं काही मानत नाही. पण वाद घातला नाही. काही वर्षांपूर्वी मला दिवस गेले होते, तेव्हा सहाव्या महिन्यात मी हौसेने क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग, आणून ठेवला होता. तो खोक्यातून निघालाच नाही. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, एवढं मला कळत होतं. तरी लहान मुलांच्या दुकानात पाय टाकायचा म्हटलं की मला दुसरं काहीतरी काम आठवायचं. सासूबाईंचा नियम सोयीचा पडला.

बाई आली. पन्नाशीची, सौम्य बोलणारी. दारातच बूट काढले, चहाला नको म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. चहा नाकारणारं माणूस त्यांच्या मते धड नसतं.

वरच्या खोलीच्या दारात ती थांबली.

"तिचं सामान कुठे ठेवलंय?"

"अजून घेतलं नाही. ती आल्यावर घेऊ."

तिने हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. "काही लोकांचं मन शेवटपर्यंत ठरत नाही. त्यात गैर नाही. पण तसं असेल तर मला आत्ता कळायला हवं."

नवऱ्याने ऑफिसमधल्या प्रेझेंटेशनच्या आवाजात "कल्चरली स्पीकिंग" अशी सुरुवात केली. मी त्याच्या पायावर पाय दिला.

मग बेसमेंट. तिने गरम पाण्याची टाकी पाहिली, घर तापवणारी फर्नेस पाहिली आणि फर्नेसच्या मागे टॉर्च मारला. तिथे खोकं होतं. वर क्रिबचं चित्र, चित्रात हसरं बाळ, चिकटपट्टी जशीच्या तशी.

"तो विषय आता संपलाय, असं तुम्ही मुलाखतीत म्हणाला होतात," ती मला म्हणाली.

म्हणाले होते. दोन वाक्यांत उरकलं होतं. नवरा फर्नेसकडे असा बघत होता की जणू तिच्यातच बिघाड आहे.

तेवढ्यात नव्या कठड्याला धरून, एकेक पायरी करत सासूबाई खाली आल्या.

"काय विचारतेय ती?"

"हे खोकं इथे का ठेवलंय म्हणून."

"मग सांग की."

"काय सांगू?"

"सर बाजूला. मी बोलते, तू इंग्रजीत सांग तिला." त्या बाईकडे वळल्या. "हे ज्याचं होतं, त्याचं. येणाऱ्या मुलीला मी हे देऊ देणार नाही. तिने कुणाच्या जागी यायचं नाही, तिचं तिने यायचं. आणि वरची खोली मी रिकामी ठेवलीय, ह्यांनी नाही. माझ्या लेकीची दोन्ही पोरं झाली, तेव्हाही असंच केलं. परक्याच्या पोरीसाठी कोण एवढं पाळतं?"

मी म्हटलं, "ही आमच्याकडची पद्धत आहे, असं त्या म्हणतायत."

"त्या बरंच जास्त बोलल्या," बाई म्हणाली.

मग सगळं सांगितलं. मध्ये एकदा थांबावं लागलं. फर्नेस सुरू झाली होती, तिचा आवाज मोठा आहे.

बाईने सासूबाईंकडे बघून मान हलवली. पण मला म्हणाली, "मुलगी झोपणार कुठे, हे मला दिसलं पाहिजे. रिकाम्या खोलीवर मी शिफारस करू शकत नाही."

मी ते मराठीत सांगितलं.

"मग मागून आणा की," सासूबाई म्हणाल्या. "ज्या घरात पोरं धडधाकट वाढली, तिथलं मागून आणलेलं चालतं. शुभच असतं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"नको म्हटलं ते विकतचं. मागायचं तू विचारलंसच नाहीस."

माझ्या ऑफिसमध्ये वसईची एक मैत्रीण आहे, तीन मुलांची आई. पुढच्या शनिवारी ती व्हॅनमधून छोटा बेड, गादी आणि पिशवीभर कपडे घेऊन आली. "तिघंही ह्याच्यावर उड्या मारून मोठी झालीत गं," ती म्हणाली. "एक पाय डुगडुगतो. पोरांचं काही डुगडुगत नाही." नवऱ्याने स्क्रू आवळले. परत जाताना व्हॅनमध्ये ते खोकं गेलं. तिच्या चर्चमध्ये नव्याने आलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्या घरी बाळ येणार होतं. खोकं काढायला बाईने सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी वरची धूळ पदराने पुसली आणि मी एका बाजूने उचललं.

बाई पुन्हा आली. बेड हलवून पाहिला, गादी दाबून पाहिली.

"कुणाचा?"

"तीन धडधाकट मुलांचा," मी म्हटलं.

तिने चहा मागितला. तरी शिफारशीचं पत्र येईपर्यंत मी नीट झोपले नाही.

पुढचं सगळं व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. भारतात जाऊन आम्ही तिला घेऊन आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि विमानतळापासून घरापर्यंत माझ्या कोटाची बाही तिने सोडली नव्हती. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून बाहेर बर्फात टाकला. मुलीने उंबरठा ओलांडला. मागून नवरा आत येऊन बूट काढायला वाकला, तर त्यांनी त्याला थांबवलं.

"काढू नकोस. दुकान बंद व्हायच्या आत जा आणि चादरी घेऊन ये. नव्या."