उपरण्याखालची चौथी सुई

माझी जीभ ज्यानं वाचवली, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. कारण सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

निजामाची अमदानी होती आणि महायुद्ध चालू होतं. भूमच्या बाजारात मी हेडी होतो, म्हणजे बैलांचा व्यापारी. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांची जनावरं हाकत हाकत स्वतःच्या दावणीपर्यंत आलो, तो जिभेच्या जोरावर. आमच्यात भाव तोंडानं ठरत नाही. दोघं हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून बोलतात. पण त्याआधी मरतुकड्या गोऱ्ह्याचा नंदी करायला जीभच लागते. उपरण्याबाहेर आम्ही सगळेच खोटं बोलायचो. उपरण्याखाली मात्र कुणी नाही, कारण तिथं एकदा फसवणाऱ्याचा हात पुन्हा कुणी धरत नसे.

त्या जिभेच्या कडेला गाठ आली. बेंबळीच्या एका हेड्यानं बाजारभर सांगितलं की, त्याच्या बैलाला शिव्या दिल्याचं हे फळ आहे. त्यानं मला विकलेला बैल ऐन पेरणीत, तिफण चालू असताना तासातच खाली बसायचा. तो बसायचा आणि मी शिव्या द्यायचो, एवढं खरं.

इंग्रजी मुलखातल्या एका मिशनच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर गोरा, त्याची मराठी पुस्तकातली. जिभेत रेडियमच्या सात सुया खोचून आठवडाभर ठेवाव्या लागतील, असं तो म्हणाला. मी पाच म्हणालो. ही मंडई नाही, असं त्यानं सुनावलं. मी सहावर आलो आणि दिवस चार मागितले. तो उठून चालू लागला. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. शेवटी सात सुया आणि आठवडाच कबूल करावा लागला. समोरच्याच्या पहिल्या भावाला मी मान डोलावली, ती आयुष्यात त्या एकदाच.

सुया गाठीभोवती कुंपणाच्या मेखांसारख्या ओळीनं बसवल्या आणि त्यांचे दोरे गालावर चिकटवले. मग जागा तपासायला एक्सरेचा फोटो काढला. डॉक्टरनं फोटोची काच खिडकीशी धरून बघितली, समाधानानं मान हलवली आणि मला बजावलं की, एखादी सुई सरकली तर तिथला रोग तसाच राहील आणि जबड्याचं हाड जळेल. म्हणून बोलायचं नाही, खोकायचं नाही. या सक्तीबद्दल बायकोनं त्याचे दोनदा आभार मानले, तेही मी विसरलेलो नाही.

एका दुपारी पेज पिताना ठसका लागला. चौथी सुई मागं सरकली आणि जबड्यापाशी टोचू लागली. हातवारे करून डॉक्टरला बोलावलं. जीभ सुजून भाकरीएवढी झालेली, आत काही दिसेना. दोरा तर जागच्या जागी होता.

"तुम्ही पुन्हा दिवस कमी करू पाहत आहात," तो म्हणाला.

मी पाटीवर लिहून दिलं. मला येत होती ती मोडी, आणि त्याला येत होती बाळबोध. पाटी उलटसुलट फिरवून त्यानं परत दिली. बायकोला अक्षरओळख नव्हती. मी पाटी आपटली, तेव्हा नर्सनं मला झोपेचं औषध द्यायचं सुचवलं.

संध्याकाळी बेंबळीचा हेडी आला. मला खाता येत नाही हे ठाऊक असून मोसंबी घेऊन आला आणि सोलून स्वतःच खाऊ लागला. मी त्याचा हात ओढला आणि त्याच्याच खांद्यावरचं उपरणं वर टाकलं.

"मरताना बी सौदा करतूस व्हय, गड्या?" तो हसला.

मी त्याची चार बोटं धरली. मग चौथं बोट एकटंच धरून माझा अंगठा त्यावरून त्याच्या मनगटाकडं ओढत नेला. पुन्हा तसंच केलं. त्याचं चघळणं थांबलं.

"चौथी सुई? मागं सरली?"

मी त्याचा हात असा दाबला की त्याची अंगठी रुतली.

त्यानं डॉक्टरला बाहीला धरूनच आणलं. डॉक्टरनं पुस्तकी मराठीत गाऱ्हाणं मांडलं की, हे गृहस्थ पहिल्या दिवसापासून घासाघीस करीत आहेत.

"सायेब, ह्यो तोंडानं लई खोटा हाय," बेंबळीचा हेडी म्हणाला. "म्या बी हाय. पर उपरण्याखाली आमी खोटं बोलत न्हाय. फोटू काढा."

फोटो काढला. डॉक्टरनं काच खिडकीशी धरली. चौथी मेख ओळ सोडून जबड्याकडं गेली होती. त्यानं सुई पुन्हा बसवली, पुन्हा फोटो काढला, आणि या खेपेला काच आधी मला दाखवली.

गाठ गेली. जीभ परत आली. आणि तेव्हापासून ती माझी राहिली नाही. भूम असो की तामलवाडी, मी त्या बसक्या बैलाचं नाव काढलं की बेंबळीचा हेडी चारचौघांत म्हणायचा, "गप. ती जीभ माझ्यामुळं हाय. माझ्यावर चालवायची न्हाय." लोक हसायचे. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडं बघायची आणि भाव पाडायची.

एकदा भर बाजारात मी उपरणं काढून त्याच्यापुढं हात केला. म्हणालो, जीभ राहू दे. बैल बसतो हे तुला आधी ठाऊक होतं का, ते बोटानं सांग. होय असेल तर एक, नसेल तर दोन.

त्यानं माझ्याकडं बघितलं, उपरण्याकडं बघितलं आणि दोन्ही हात काखेत घातले.

त्यानंतर त्यानं माझ्याशी एकही सौदा केला नाही.