वरचा कोपरा

माझी मैत्रीण आइस हॉकीची गोलकीपर आहे, आणि आमच्या नाशकात बर्फ पडत नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या सिमेंटच्या कोर्टावर, चाकांच्या स्केट्स घालून आम्ही दोघी खेळायला लागलो. तिचे पहिले पॅड पंचवटीतल्या गादीवाल्यानं कापूस ठासून शिवून दिले होते. ती गोलात उभी राहायची आणि मी रोज सकाळी रबरी चकती तिच्यावर मारायचे. ती मोठी झाली त्यात माझ्या हातांचाही वाटा आहे, हे मी सांगणारच. दुसरं कुणी सांगत नाही.

मारता मारता मला तिची एक खोड कळली. समोरच्यानं स्टिक उचलून जरा थांबवली, की ती घाईनं गुडघ्यांवर बसते आणि वरचा कोपरा उघडा पडतो. तिला माझा डावा गुडघा माहीत होता. एकदा जोरात पडले, तेव्हापासून डावीकडे वळताना तो दगा द्यायचा. डॉक्टरांकडे मला तीच घेऊन गेली होती. कोचना कळलं तर संघातून बाहेर बसवतील, म्हणून मी तिला शपथ घातली.

"तुझा गुडघा माझ्याकडे, माझी खोड तुझ्याकडे," ती म्हणाली होती. "बाहेर जायचं नाही."

पुढे उत्तरेतल्या एका क्लबनं तिला पगारावर घेतलं. चौकाचौकांत तिचे फ्लेक्स लागले. ज्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला होता, तेही तिच्या खेळावर तावातावानं बोलू लागले. माझी आईसुद्धा. मलाही अभिमान वाटायचा, खरंच वाटायचा.

गेल्या मे महिन्यात तिचा क्लब नाशकात आला, आमच्याशी चाकांवरचा सामना खेळायला. याच सामन्यावरून आमचे कोच राज्याच्या संघासाठी मुली निवडणार होते. सुरुवातीपासूनच त्यांच्या मुली मला डावीकडे रेटू लागल्या. ज्यांनी मला आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्या मला नेमकं त्याच बाजूला वळायला लावत होत्या. पुन्हा डावा गुडघा धरून पडले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे एकाच तोंडातून बाहेर गेलं होतं. मला रडू आलं नाही, अंगाचा तिळपापड झाला.

"गुडघ्याचं मला का नाही सांगितलंस?" कोच बाकावरून ओरडले. "निवडीचं विसर आता."

शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली आणि मी हट्टानं ती मागून घेतली. अख्खं मैदान तिच्या नावानं ओरडत होतं. त्यात आईचा आवाज मला ओळखू आला. मी सरळ गेले, स्टिक उचलली, जरा थांबले. ती बसली. चकती वरच्या कोपऱ्यात गेली.

कुणी टाळी वाजवली नाही. आमच्याच गावात आम्ही गोल केला आणि माणसं हळहळली.

तिनं हेल्मेटची जाळी वर केली. "कधीपासून माहितीये गं हे तुमच्या पोरींना?"

"त्यांना नाही माहीत," मी म्हटलं. "मी कुणालाच सांगितलं नाही."